पांढरी बाटली, तपकिरी बाटली

मार्चमधली पहाट. साडेपाच वाजले होते. तेरवाड बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला काठावर उकिडवी बसून मी हातातल्या बाटलीत साका खाली बसताना बघत होते. नासलेल्या दुधासारखा पांढराशुभ्र. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पाण्यातला ऑक्सिजन तपासायचा हा प्रयोग मुलांकडून शेकडो वेळा करून घेतला. पण नळाच्या पाण्यावर तो नेहमी तपकिरीच यायचा. निव्वळ पांढरा रंग मी पहिल्यांदा पंचगंगेच्या पाण्यात पाहिला.

प्रयोग जुना आहे. १८८८ साली लायोश विंकलर या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने तो मांडला. तीनशे मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून दोन मिली मँगनीज सल्फेट आणि दोन मिली अल्कली-आयोडाइड सोडायचं, बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर तो मँगनीजला धरतो आणि साका तपकिरी होतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. पुढे ॲसिड, थायोसल्फेट, स्टार्च, ब्युरेट हे सगळं मोजमापासाठी. दोनशे मिली नमुना घेतला तर योग्य तीव्रतेच्या थायोसल्फेटचा एक मिली म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन, असा सोपा हिशेब. त्या पहाटे ब्युरेटला हात लावायची वेळच आली नाही.

मला तिथे बोलावलं होतं ते मामांनी. मामा म्हणजे आमच्या भोईगल्लीतले, वय सत्तरीच्या पुढे, आयुष्य जाळ्यात गेलेलं. आदल्या रात्री दारात येऊन म्हणाले होते, "बाई, उद्या पहाटं या बंधाऱ्यावर. मासं वर आल्यात. तोंडं काढून बसल्यात सगळी. पाण्यात दम ऱ्हायला न्हाई."

पाण्यात दम नाही. पुस्तकात आम्ही 'विद्राव्य ऑक्सिजनची कमतरता' असं लिहितो. मला मामांचा शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण मासा खरोखरच धापा टाकत असतो. पाण्याच्या वरच्या एखाद्या मिलिमीटरच्या पापुद्र्यात हवेशी लागून थोडा ऑक्सिजन असतो, तेवढा तोंडात घेण्यासाठी तो वर येतो. उजाडेपर्यंत ती तोंडं उघडमीट करताना दिसत होती. आठ वाजेपर्यंत कित्येक मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले.

पंचगंगा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, या पाच नद्यांची ही एक नदी, कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला तयार होते आणि जवळपास ऐंशी किलोमीटर वाहून नरसोबावाडीला कृष्णेत मिळते. पुराच्या बातम्यांत ज्या बंधाऱ्यांची नावं तुम्ही दरवर्षी ऐकता ते शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे सगळे हिच्यावरचे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा संपला की त्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे आणि पाणी अडवायचं. मृग लागायच्या आत बरगे काढायचे म्हणजे पुराला वाट मोकळी. कल्पना साधी आणि फार हुशार आहे. माझ्या वडिलांचा ऊस याच पाण्यावर झाला आणि त्या उसावर माझं शिक्षण झालं. बंधाऱ्यांना शिव्या घालायला मी हे लिहीत नाही.

पण बरगे बसले की सात-आठ महिने पंचगंगा ही नदी राहत नाही. एकाखाली एक अशा सात लांबट तळ्यांची रांग होते. राधानगरी धरणातून आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक काळ सोडलेलं पाणी, सुटलं की पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात सरकतं, आवर्तन थांबलं की सगळं जागच्या जागी. आणि या तळ्यांत नुसतं पाणी नसतं. कोल्हापुरातून जयंती नाला येतो, दुधाळी नाला येतो, इचलकरंजीचा काळा ओढा येतो. ओढ्याचं नावच काळा ओढा आहे, यापेक्षा जास्त काय लिहू?

ऑक्सिजनचा हिशेब एकदा नीट समजून घेतला तर पुढचं सगळं आपोआप कळतं. आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. उन्हाळ्यात आमच्याकडचं पाणी तीस अंशांपर्यंत तापतं. त्या तापमानाला एक लिटर पाण्यात, अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा, जेमतेम सात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे मासा जन्मभर आपल्या चाळिसाव्या हिश्श्यावर जगतो. थंडीत वीस अंशांना हाच आकडा नऊच्या जवळ जातो. उन्हाळ्यात उलट घडतं: पाण्यात मावणारा ऑक्सिजन कमी होतो आणि माशाला लागणारा वाढतो, कारण गरम पाण्यात त्याचं शरीर जास्त वेगाने चालतं. पाण्यातले जिवाणूही त्याच वेगाने खायला लागतात.

हे सात मिलिग्रॅम येतात कुठून? एक हवेतून, दुसरे पाण्यातल्या हिरव्या वनस्पती आणि शेवाळातून. हवेतून येणारा ऑक्सिजन पृष्ठभागावरून आत शिरतो, पण स्थिर पाण्यात त्याची चाल इतकी मंद असते की काही फूट खाली पोचायला दिवस नाही, वर्षं लागतील. तो खाली जातो तो पाणी ढवळलं जातं म्हणून. खडकावर आपटणारं पाणी, वळणावर भोवरा घेणारं पाणी, उथळ वाळूवरून खळखळत जाणारं पाणी सतत वरचं खाली आणि खालचं वर करत असतं. नदीचा खळखळाट ऐकू येतो तिथे नदी श्वास घेत असते. ही कविता नाही, भौतिकशास्त्र आहे. तळं होऊन बसलेल्या पाण्यात हे ढवळणं थांबतं. उन्हाने वरचा थर तापून हलका होतो आणि झाकणासारखा खालच्या थंड थरावर बसतो. खालच्या थराला हवा लागत नाही. सांडपाण्यातली घाण तळाशी बसते, जिवाणू ती खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. तो संपला की दुसरे जिवाणू कामाला लागतात, ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही. ते सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. बंधाऱ्याजवळ एप्रिलमध्ये येणारा कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. तळ काळा का होतो त्याचंही उत्तर तेच: लोखंडाशी त्या गंधकाचं संयुग काळं असतं.

वर केंदाळ. शहरातली माणसं जलपर्णी म्हणतात. हिरवंगार दिसतं म्हणून लोकांना वाटतं की निदान ऑक्सिजन तरी देत असेल. देतं, पण हवेला. त्याची पानं पाण्याच्या वर असतात, तयार झालेला ऑक्सिजन वरच्या वर उडून जातो. पाण्याला मिळते ती सावली, म्हणजे खालचं शेवाळही मरतं. वारा पाण्याला लागत नाही, आणि मुळांपासून गळणारा कुजका गाळ तळाशी बसून उरलासुरला ऑक्सिजन खातो.

नमुना पहाटेच का घ्यायचा, हा प्रश्न मला मुलं नेहमी विचारायची. जिथे केंदाळ नाही आणि पाणी शेवाळाने हिरवं झालंय, तिथे दुपारी बाराला बाटली भरा: साका गडद तपकिरी येतो, कधी कधी त्या तापमानाला मावायला हवा त्याहूनही जास्त ऑक्सिजन सापडतो. कागदावर नदी ठणठणीत. पण तेच शेवाळ सूर्य मावळल्यावर ऑक्सिजन बनवणं थांबवतं आणि रात्रभर आपल्यासारखाच तो वापरत राहतं. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे उजाडायच्या आधीचा तास. मासे तेव्हा मरतात. म्हणून नदीचं खरं काय चाललंय हे बघायचं असेल तर दुपारचा आकडा मला सांगू नका, पहाटेचा सांगा. मासे आणि वन्यजीवांसाठी लिटरला किमान चार मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, अंघोळीच्या पाण्यात किमान पाच, हे आपल्या देशातले निकष आहेत. दिवसातून एक तास जरी नदी त्याच्या खूप खाली गेली तरी माशाच्या दृष्टीने बाकीच्या तेवीस तासांना काही अर्थ उरत नाही.

त्या दिवशी मामा मेलेले मासे काठीने वळवून बघत होते. कटला होता, शिवडा होता, वाम होती. "मरळ बघा एक बी न्हाई ह्यात," ते म्हणाले. मी चमकले. खरंच नव्हती. मरळीला कल्ल्यांच्या वर एक कप्पा असतो, त्यात ती थेट हवा घेते. खरं म्हणजे तिला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते. मांगूरचंही तसंच. चिलापीला हवा घेता येत नाही, पण ती फार थोड्या ऑक्सिजनवर तगते. मामांच्या लहानपणी जाळ्यात काय काय यायचं ते ते तासभर सांगू शकतात, आता सांगतात, "मरळ, मांगूर, चिलापी. संपलं." हे म्हणजे नदीच्या रक्ताचा रिपोर्टच. वाहत्या पाण्याचे मासे गेले आणि ज्यांना पाण्यातल्या ऑक्सिजनची फारशी पडलेली नाही तेवढे उरले. दगडाखालच्या किड्यांतही तेच. भोगावतीत वर, राधानगरीच्या बाजूला दगड उलटा करा, मेफ्लायच्या चपट्या अळ्या पळताना दिसतात, शेपटीला बारीक केस असलेल्या. आमच्या इथे गाळात बोट घाला, लाल अळ्या निघतात. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, ऑक्सिजन नसलेल्या गाळात तग धरायला.

आता मुद्द्यावर येते. मासे मेले की दरवेळी गावात एकच मागणी होते: बरगे काढा, पाणी सोडा. मीही त्या घोळक्यात उभी राहून हेच ओरडले आहे. त्या वेळी बरगे काढलेही. मी बंधाऱ्यावरच होते. पहिलं पाणी आलं ते काळं. वरून पडणारं नाही, तळातून ओढलं गेलेलं. महिनोन्महिने साचलेला गाळ, अमोनिया, ते गंधकाचं पाणी, सगळं एकदम उसळलं आणि खाली शिरोळच्या बाजूला गेलं. हा गाळ ऑक्सिजनचा भुकेला असतो. ढवळला गेला की चांगल्या पाण्यातला ऑक्सिजनही काही तासांत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी मेलेले मासे खालच्या अंगाला होते, जिथे आदल्या दिवशी ते धडधाकट होते. जूनच्या पहिल्या जोरदार पावसाने नदी हलते तेव्हाही असंच होतं, दरवर्षी. लोक म्हणतात, कुणी तरी रात्री काही सोडलं. कधी सोडलेलं असतंही. पण कधी कधी नदीने स्वतःच्याच पोटातलं वर काढलेलं असतं.

मी चौथ्या दिवशी पुन्हा बाटली भरली. वरून धरणाचं ताजं पाणी आलं होतं, बंधाऱ्याच्या खांबांमधून फेसाळत खाली पडत होतं. साका चहाच्या रंगाचा झाला. मला काठावर बसून रडू आलं, हे सांगायला लाज वाटत नाही. आणि त्यानंतर आठवडाभरात बरगे पुन्हा बसले.

भाची ऑर्लँडोला असते. दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्याकडे गेले तेव्हा मी एकच हट्ट धरला: मला किसिमी नदी बघायची आहे. ही नदी मी वर्षानुवर्षं वाचत होते. मध्य फ्लोरिडातली ही नदी मुळात १६६ किलोमीटर नागमोडी वाहायची. १९४७ च्या वादळ-पुरानंतर तिथल्या लोकांनी पूर रोखण्याची मागणी केली, आणि १९६२ ते १९७१ या काळात लष्कराच्या अभियंत्यांनी ती सरळ करून ९० किलोमीटरचा, जवळपास तीस फूट खोल कालवा केला, त्यावर दारं बसवली. जुनी वळणं बाजूला तशीच राहिली, पाण्याने भरलेली, पण न वाहणारी. आमच्या तळ्यांसारखीच. त्यांच्या तळाशी कुजक्या पाल्याचा जाड थर बसला, ऑक्सिजन लिटरला एक-दोन मिलिग्रॅमवर आला. बास नावाचा तिथला आवडता मासा घटला. आणि उरले कोण? गार आणि बोफिन. दोन्ही हवा घेणारे मासे. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला मामांची मरळ आठवली. सात समुद्र पलीकडे, वेगळे मासे, वेगळी माणसं, आणि साचलेल्या पाण्याने निवड मात्र तीच केली.

१९९९ साली त्यांनी कालवा बुजवायला सुरुवात केली. २००० साली एक अख्खं दार स्फोटाने उडवलं. २०२१ पर्यंत सुमारे ३५ किलोमीटर कालवा मातीने भरून नदीची सत्तर किलोमीटर जुनी वळणं पुन्हा जोडली. वाहतं पाणी आल्यावर तळाचा कुजका थर धुऊन गेला, वळणांवर पुन्हा वाळूच्या दांड्या पडल्या, कोरड्या ऋतूतला ऑक्सिजन बराच वाढला, बास आणि सनफिश यांचा वाटा वाढला, बुडालेल्या फांद्यांवर वाहत्या पाण्यातून अन्न गाळून खाणारे किडे परतले. मी त्या वाळूच्या दांडीवर उभी राहिले. पांढरी स्वच्छ वाळू, पायाला टोचणारी. जिथे वाळू दिसते तिथे गाळ बसलेला नाही, एवढं कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

पण तिथेही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली, ती उत्साहाने लिहिणारे लोक वगळतात. पावसाळ्यात किसिमीचं पाणी काठच्या पाणथळीत पसरतं आणि तिथला पालापाचोळा कुजवून परत नदीत येतं, तेव्हा ऑक्सिजन अजूनही खाली जातो. पूर ओसरताना पाणी फार झपाट्याने उतरवलं तर जास्तच. म्हणून ते वरच्या तलावातून पाणी सोडताना ते हळूहळू वाढवायचे आणि हळूहळू उतरवायचे प्रयत्न करतात. एका दमात नाही. नदी वाहती करणं म्हणजे नळ उघडणं नव्हे, हे मी तिथे शिकले.

आमच्याकडे कुणी पंचगंगेचे बंधारे फोडावेत असं मी म्हणत नाही. फोडले तर मार्चमध्ये शिरोळ तालुक्यातली अर्धी शेती वाळेल. मी वर्षभर गावसभेत, शाळांत, भेटेल त्याला जे सांगत फिरते ते एवढंच: मासे मेल्यावर सगळे बरगे एकदम काढू नका. त्याऐवजी हिवाळ्यापासूनच प्रत्येक बंधाऱ्यावरून थोडं पाणी सतत पडू द्या, काही बरगे खालचे मोकळे ठेवून, काही वरचे, म्हणजे तळातलं पाणीही सरकेल आणि वरचं पडताना हवा घेईल. आवर्तनाच्या मध्ये नदी पूर्ण थांबू देऊ नका. बरगे काढायच्या आधी केंदाळ काठावर ओढून काढा, नाही तर तेच वाहून पुढच्या बंधाऱ्यावर अडतं आणि तिथे कुजतं. बरगे टप्प्याटप्प्याने काढा आणि त्याच वेळी वरून ताजं पाणी येत असेल असं बघा. आणि नाले. नाल्यांचं पाणी शुद्ध न करता नदी नुसती वाहती केली तर घाण इथून नरसोबावाडीला पोचेल, एवढंच. तिथे लोक तळहातावर घेऊन ते तीर्थ म्हणून पितात.

पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांपैकी काहींना माझं बोलणं पटत नाही. सतत पडणारं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी, असं त्यांना वाटतं. खालच्या बंधाऱ्यात ते पुन्हा अडतंच, हे मी वहीवर आकृती काढून दाखवते. शिरोळच्या खालचं मात्र कृष्णेत जातं, हे मान्य. तेवढं नदीचं आहे असं मी म्हणते. आमचे थोरले दीरच यावर माझ्याशी सगळ्यात जास्त भांडतात, त्यांचा ऊस तेरवाडच्या वर आहे. तरी मागच्या वर्षापासून ते पहाटे मोटारसायकलवर मला बंधाऱ्यावर सोडायला येतात आणि बॅटरी धरून उभे राहतात.

या आठवड्यात मी पुन्हा सुरुवात केली आहे. तीन जागा: राजाराम बंधाऱ्याच्या खाली, तेरवाडच्या वर, तेरवाडच्या खाली. प्रत्येक जागी पहाटे एक बाटली आणि दुपारी एक. अकरावीच्या चार मुली बरोबर आहेत. त्यांतल्या एकीला ब्युरेटचा नळ माझ्यापेक्षा हळू फिरवता येतो. शनिवारी तेरवाडच्या वरचा साका फिकट आला, पांढरा नाही, पिवळट. मुलीने बाटली उजेडाकडे धरली आणि मामांना विचारलं, "ह्याला काय म्हणायचं हो आजोबा?"

मामांनी बराच वेळ बाटली बघितली. मग म्हणाले, "अजून चार दिस हाईत. बरगं काढणाऱ्याला फोन लाव म्हणावं बाईला. आत्ता. मासं वर यायच्या आदी."